९५ टक्के कशाचे? झिजलेला जबडा, बदली दात आणि माझ्या सिनॉप्सिसमधलं एक वाक्य

माझ्या पीएचडीच्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य असं होतं : "दंत-इम्प्लांट ही आज ९५ टक्क्यांहून अधिक यश देणारी, सिद्ध झालेली उपचारपद्धती आहे." वाक्याच्या शेवटी तीन पेपरचे नंबर टाकलेले. मी टायटॅनियमवर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा थर चढवण्यावर काम करते. प्रस्तावनेत असं एखादं वाक्य टाकलं की पटकन आपल्या मूळ विषयाकडे वळता येतं. सगळेच असं करतात. तुम्हीही कराल, म्हणून ही पोस्ट.

कमिटीसमोर दुसरी स्लाइड चालू असताना बाहेरून आलेल्या एका मॅडमनी विचारलं, "९५ टक्के काय? माणसं की स्क्रू?"

मला उत्तर आलं नाही. कारण तिन्ही पेपरचे मी फक्त अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचले होते, आणि त्यातला टक्का उचलून आणला होता. तो टक्का कशाचा, किती वर्षांचा, कोणत्या लोकांमधला, हे मी पाहिलंच नव्हतं. मॅडम पुढे काही बोलल्या नाहीत, नुसतं लिहून घेतलं. ते जास्त लागलं.

योगायोग असा की त्याच महिन्यात घरी माझ्या आजीच्या दातांचा विषय चालू होता. आजी बार्शीजवळच्या गावात राहते, वय ७८. पन्नाशीच्या आसपास मिश्रीने आणि हिरड्यांच्या दुखण्याने एकेक करत सगळे दात गेले. तेव्हापासून कवळी. वरची नीट बसते, खालची बोलताना वर उचलली जाते आणि जेवताना टोचते. म्हणून ती खालची कवळी डबीत आणि डबी कपाटात. लग्नकार्य असलं की निघते. "दात जेवायला न्हाईत, फोटोला हायेत," असं ती म्हणते. एका दवाखान्यात तिला सांगितलं, "हाडच उरलं नाही, आधी हाड भरावं लागेल." दुसऱ्या एका ठिकाणच्या पत्रकावर छापलं होतं, "हाड नसलं तरी तीन दिवसांत पक्के दात!" वडिलांनी मला फोन केला : "तू त्यातच पीएचडी करतेस ना? मग सांग काय करायचं."

मी पुन्हा पेपर उघडले. या वेळी सिनॉप्सिससाठी नाही, आजीसाठी. त्या वाचनात जे सापडलं ते इथे लिहिते आहे. हा वैद्यकीय सल्ला समजू नका, मी दंतवैद्य नाही. एका नावाजलेल्या संशोधन-साहित्यातले आकडे कसे वाचावेत, याचा हा माझा धडा आहे.

आधी हाड झिजतं म्हणजे काय

जबड्याच्या हाडाचा वरचा भाग, ज्यात दातांची मुळं रुतलेली असतात, तो दातांमुळे टिकून असतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. आपण चावतो तेव्हा तो ताण त्या तंतूंमधून हाडाला मिळतो. दात काढला की तंतू गेले, ताण गेला, आणि शरीर ते हाड हळूहळू शोषून घेतं. उरतो तो एक बोथट उंचवटा. दंतवैद्य त्याला रिज म्हणतात. कवळी याच रिजवर टेकते, आणि तिचा दाब हाडाला मानवणारा नसतो, कारण तो वरून हिरडी दाबत येतो.

या विषयावरचा आधारभूत पेपर १९७२ चा, अँट्ये टालग्रेन यांचा. कवळी वापरणाऱ्यांच्या डोक्याचे बाजूने एक्स-रे काढून, २५ वर्षांच्या कालावधीत रिज किती खाली गेला हे त्यांनी मोजलं. तीन गोष्टी त्यातून आल्या. सगळ्यात जास्त झीज पहिल्या वर्षात होते. ती नंतर मंदावते, पण २५ वर्षांनीही थांबलेली नसते. आणि पुढच्या भागात खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा साधारण चौपट असते.

आजीची वरची कवळी बसते आणि खालची का बसत नाही, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. बाकीचं अर्धं साधं आहे : वर टाळूचा मोठा पृष्ठभाग असतो, कवळी त्याला हवेच्या दाबाने चिकटून राहते. खाली मधोमध जीभ असते, टेकायला जागा वरच्या जवळपास निम्मी, आणि तीही सतत हलणारी. झीज फार झाली की हनुवटीजवळ हाडातून बाहेर पडणारी नस रिजच्या माथ्यावर येते. मग कवळी दाबली की कळ जाते. आजीचं "टोचतं" म्हणजे बहुधा हेच.

आता टालग्रेन यांच्या पेपरच्या शीर्षकातला एक शब्द बघा : मिश्र-अनुदैर्ध्य अभ्यास. म्हणजे एकच गट सुरुवातीपासून शेवटपर्यंत २५ वर्षं पाहिलेला नाही. काही लोक कमी वर्षं पाहिलेले, काही जास्त, आणि त्यांचे तुकडे एकमेकांना जोडून वक्र काढलेला. पद्धत चुकीची नाही. त्या काळात तर एवढं करणंच मोठी गोष्ट होती. पण तो वक्र पाठ्यपुस्तकात छापला जातो तेव्हा "प्रत्येक माणसाचं हाड असंच झिजतं" असा त्याचा अर्थ घेतला जातो. डग्लस अ‍ॅटवूड यांनी १९७१ मध्येच या झिजेला तोंडाचा एक मोठा आजार म्हटलं होतं, आणि तिची कारणं अनेक असून माणसागणिक वेगळी असतात हे मांडलं होतं. सरासरीचा वक्र तुमच्यासमोर बसलेल्या माणसाचं काय होईल ते सांगत नाही. शीर्षकातला तो शब्द पेपरने लपवलेला नाही, आपणच तो वाचत नाही.

पर्याय कोणते, थोडक्यात

हाड झिजल्यावर दात बसवायचे तर ढोबळ रस्ते असे आहेत. एक, नवीन, नीट माप घेऊन केलेली कवळी. दोन, खालच्या जबड्यात पुढच्या भागात दोन इम्प्लांट घालून त्यावर बटणासारखी अडकणारी, रोज काढता येणारी कवळी. तीन, चार ते सहा इम्प्लांटवर स्क्रूने घट्ट बसवलेले दात. यात मागचे इम्प्लांट तिरके घालून हाड कमी असलेला भाग टाळायची पद्धत पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी २००३ च्या आसपास लोकप्रिय केली. चार, हाड भरून मग इम्प्लांट : वरच्या जबड्यात सायनसचा तळ उचलून, खालच्या जबड्यात दुसरीकडचं हाड किंवा कृत्रिम दाणे वापरून. पाच, आखूड इम्प्लांट, म्हणजे आहे तेवढ्याच हाडात मावणारे. आणि सहा, वरच्या जबड्यात काहीच उरलं नसेल तर गालफडाच्या हाडात जाणारे, नेहमीच्या तिप्पट-चौपट लांबीचे इम्प्लांट.

यातल्या प्रत्येकाच्या बाजूने पेपर आहेत, आणि बहुतेकांत नव्वदीच्या वरचा आकडा आहे. सगळेच नव्वदीच्या वर असतील तर निवड कशी करायची? मॅडमचा प्रश्न इथे उपयोगी पडतो.

माणसं की स्क्रू?

इम्प्लांटच्या आकड्यांची परंपरा जिथून सुरू होते तो पेपर म्हणजे १९८१ चा, अ‍ॅडेल आणि सहकाऱ्यांचा. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या गटाने १९६५ मध्ये गोस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट घातले. तिथपासूनच्या १५ वर्षांचा हा हिशोब : ३७१ रुग्ण, ४१० दात नसलेले जबडे, २७६८ इम्प्लांट.

हा पेपर मला आजही आवडतो, कारण त्यात लपवाछपवी नाही. पण निष्कर्षाचे आकडे या सगळ्या २७६८ इम्प्लांटचे नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत पद्धत अजून घडत होती. म्हणून ठरलेली पद्धत वापरलेला आणि ५ ते ९ वर्षं पाहिलेला एक गट त्यांनी वेगळा काढला : १३० जबडे, ८९५ इम्प्लांट. त्या गटात वरच्या जबड्यातले ८१ टक्के आणि खालच्या जबड्यातले ९१ टक्के इम्प्लांट टिकून होते. आणि त्यांच्यावर बसवलेले दात? वरच्या जबड्यात ८९ टक्के, खालच्या जबड्यात १०० टक्के सतत स्थिर.

एकाच पेपरमध्ये, एकाच गटात, खालच्या जबड्यासाठी ९१ आणि १०० हे दोन्ही आकडे खरे आहेत. कोणता उचलायचा ते उचलणाऱ्यावर अवलंबून. जाहिरातवाला १०० उचलेल.

पण दोन्हींमध्ये फरक का पडला, हे बघण्यात खरी गंमत आहे. ८९५ भागिले १३०, म्हणजे एका जबड्यात सरासरी जवळपास ७ इम्प्लांट. सातातलं एक गेलं तरी वरचे दात हलत नाहीत. ही पद्धत राखीव ताकद ठेवून बांधलेली होती. आज चार इम्प्लांटवर पूर्ण जबडा उभा करतात, काढत्या कवळीला दोनच घालतात. चारातलं एक गेलं तर गणित बदलतं, दोनातलं एक गेलं तर निम्मा आधार गेला. चार इम्प्लांटच्या पद्धतीचे स्वतःचे चांगले निकाल आहेत, ते जरूर वाचा. पण १९८१ चा १०० टक्क्यांचा आकडा त्या पद्धतीच्या प्रस्तावनेत आधार म्हणून आला, तर तिथे थांबा. तो आकडा वेगळ्या बांधणीचा आहे.

अजून एक गोष्ट, आणि ही तुमच्या कुठल्याही विषयात कामाला येईल. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. २० माणसं, प्रत्येकाच्या तोंडात ४ इम्प्लांट, एकूण ८०. त्यातली ४ गेली. ७६ टिकली, म्हणजे ९५ टक्के. आता ती चारही एकाच माणसाची असतील तर १९ जणांना काहीच त्रास नाही : माणसांच्या हिशोबानेही ९५ टक्के. पण तीच चार, चार वेगवेगळ्या माणसांची असतील तर विनात्रास राहिलेली माणसं १६ : ८० टक्के. स्क्रूंचा टक्का दोन्ही वेळा ९५ च. एका तोंडातले चार इम्प्लांट एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. तेच हाड, तोच मधुमेह, तीच तंबाखू, तोच सर्जन. त्यांना ८० सुट्या निरीक्षणांसारखं धरून टेस्ट लावली की पी-व्हॅल्यू फुकटात सुंदर होते. तुमच्या प्रयोगात एकाच उंदराच्या दोन मांड्या, एकाच शेतातली दहा रोपं किंवा एकाच वर्गातली तीस मुलं असतील, तर हीच चूक तुमचीही वाट बघते आहे.

यश ठरवलं कोणी?

१९८६ मध्ये अल्ब्रेक्टसन, झार्ब, वर्दिंग्टन आणि एरिक्सन यांनी इम्प्लांटच्या यशाचे निकष लिहिले, आणि पुढची कितीतरी वर्षं ते प्रमाण मानले गेले. इम्प्लांट हलता कामा नये. एक्स-रेमध्ये त्याच्याभोवती काळी कड नको. पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी हवी. कायमची वेदना, संसर्ग, बधिरपणा नको. आणि ५ वर्षांनी किमान ८५ टक्के, १० वर्षांनी किमान ८० टक्के यश हवं.

निकष कडक आहेत आणि त्यांचा उपयोग झाला. त्याआधी जो तो आपापल्या मर्जीने "यशस्वी" म्हणत होता. पण यादी पुन्हा वाचा. वेदना सोडली तर रुग्णाला विचारायचं असं त्यात काय आहे? चावता येतं का, काय खाता येतं, चारचौघांत बसून जेवता येतं का, यातलं काहीच नाही. हे निकष लिहिणाऱ्यांना स्क्रूचं हाडाशी जमतं का हे पाहायचं होतं, आणि तेच त्यांनी मोजलं. चूक आपली होते, जेव्हा आपण ते "यश" उचलून माणसाच्या यशाच्या जागी ठेवतो. माझ्या वाक्यात नेमकं हेच झालं होतं. त्यातही माझ्या तीनपैकी दोन पेपरमध्ये तर "यश" हा शब्दच नव्हता, "टिकणं" होतं. इम्प्लांट तोंडात आहे, एवढाच त्याचा अर्थ. भोवतीचं हाड निम्मं गेलेलं असलं तरी ते टिकलेलंच धरतात. भाषांतर करताना मी दोन्हींना "यश" केलं.

माणसाला विचारलं तेव्हा

पुढे संशोधनानेच ही उणीव भरायला घेतली. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्लेड आणि स्पेन्सर यांनी तोंडाच्या आरोग्याचा जगण्यावर काय परिणाम होतो हे विचारणारी ४९ प्रश्नांची प्रश्नावली केली. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटची कवळी विरुद्ध साधी नवी कवळी, अशा यादृच्छिक चाचण्या केल्या. ३५ ते ६५ वयाच्या १०२ जणांवरची एक, आणि ६५ ते ७५ वयाच्या ६० जणांवरची दुसरी. दोन्हींत इम्प्लांटचा गट स्पष्टपणे जास्त समाधानी. २००२ मध्ये मॉन्ट्रियललाच परिषद भरली आणि तज्ज्ञांनी एकमताने निवेदन काढलं : दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी साधी कवळी आता पहिली निवड मानू नये, दोन इम्प्लांटची कवळी मानावी.

आजीसाठी हे वाचताना मला हायसं वाटलं. उत्तर मिळालं! मग मेथड्सचा भाग वाचला.

पहिली गोष्ट, दोन्ही चाचण्यांत मुख्य मोजमाप नवे दात बसवल्यानंतर दोन महिन्यांनी घेतलेलं आहे. दोन महिन्यांत बटणांच्या रिंगा झिजत नाहीत, कवळीखालचं हाड आणखी खाली जात नाही. पुढे जास्त मुदतीचे अभ्यास झाले, पण निवेदन वाचणाऱ्याने हा आकडा मनात ठेवायला हवा. दुसरी, आपल्याला इम्प्लांट मिळालं की नाही हे रुग्णापासून लपवता येत नाही. ज्याला मिळालं तो खूश असतो, ज्याला मिळालं नाही तो थोडा हिरमुसतो, आणि प्रश्नावली दोन्ही टिपते. तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : चाचणीत येतं कोण? इम्प्लांट घालून घ्यायची तयारी असलेला माणूस.

आता याच्याशेजारी व्हँकुव्हरच्या वॉल्टन आणि मॅकएंटी यांचा २००५ चा अभ्यास ठेवा. तशाच एका चाचणीसाठी स्वतःहून आलेल्या, दात नसलेल्या लोकांना त्यांनी इम्प्लांट फुकट देऊ केले. तरी ३६ टक्के लोक नको म्हणाले. पैशाचा प्रश्नच नव्हता. त्यांना शस्त्रक्रियेची भीती होती. हे लोक समाधानाच्या सरासरीत कुठेच दिसत नाहीत, कारण ते तिथपर्यंत पोचलेच नाहीत. २००६ मध्ये फिट्झपॅट्रिक यांनी सगळा पुरावा पुन्हा तपासला आणि म्हटलं, की दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी सगळ्यांना लागू पडेल असा एकच सर्वश्रेष्ठ उपचार पुराव्यातून सिद्ध होत नाही.

आणि तुलनेतली ती "साधी कवळी" तरी कशी केलेली होती, हेही विचारावं लागतं. मॉन्ट्रियलच्या गटातल्याच संशोधकांनी २००५ मध्ये शंभराहून जास्त लोकांवर एक चाचणी केली : पाठ्यपुस्तकातल्या सगळ्या पायऱ्या पाळून केलेली कवळी विरुद्ध काही पायऱ्या वगळून सोपी केलेली कवळी. सहा महिन्यांपर्यंत रुग्णांच्या समाधानात फरक सापडला नाही. या पेपरचं नाव परिषदांमध्ये फार ऐकू येत नाही. पण तालुक्याच्या गावात बसलेल्या दंतवैद्याला आणि त्याच्या रुग्णाला त्याचा उपयोग कदाचित सगळ्यात जास्त आहे.

हाडच नाही, तेव्हा?

पत्रकावरचं "हाड नसलं तरी" आणि पहिल्या दवाखान्यातलं "आधी हाड भरू" या दोन्हींबद्दल पुरावा काय म्हणतो? २००९ मध्ये एस्पोझितो आणि सहकाऱ्यांनी हाड वाढवण्याच्या शस्त्रक्रियांचा कॉक्रेन आढावा काढला. यादृच्छिक चाचण्या मिळाल्या अवघ्या १३, त्याही लहान लहान. निष्कर्ष असा, की हाडाची उंची वाढवणं जमतं, पण त्यात गुंतागुंती वारंवार होतात. झिजलेल्या खालच्या जबड्यात उंची वाढवण्यापेक्षा आखूड इम्प्लांट हा जास्त बरा पर्याय दिसतो.

जगभर रोज केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेमागे १३ लहान चाचण्या. आणि त्यांतही दाखल होण्यासाठी काही किमान हाड लागतंच. म्हणजे ज्याचं हाड सगळ्यात जास्त गेलं, ज्याला पर्यायाची गरज सगळ्यात जास्त, तोच पुराव्यात सगळ्यात कमी आहे. इम्प्लांटच्या साहित्यावर माझा मुख्य आक्षेप हा आहे. आकडे खोटे नाहीत. ते ज्यांच्यावर मोजले ती माणसं आणि ज्यांना ते ऐकवले जातात ती माणसं वेगळी आहेत, आणि ही फट प्रस्तावनेच्या पहिल्या वाक्यात बुजवून टाकली जाते. माझ्यासारखे लोक ती बुजवतात. डॉक्टर पेपर वाचतात, पत्रकवाला डॉक्टरांकडून ऐकतो, आणि आजीच्या हातात पत्रक येतं.

एक जुना आकडा इथे सांगते. १९७८ मध्ये क्रम आणि रूनी यांनी पाच वर्षं पाहून दाखवलं, की खालच्या सुळ्यांची मुळं काढून न टाकता तशीच ठेवून त्यावर कवळी बसवली, तर पुढच्या भागात हाडाची झीज सरासरी ०.६ मिलिमीटर होते. सगळे दात काढलेल्यांत ती ५.२ मिलिमीटर झाली. अभ्यास फार लहान आहे. हे मलाही मान्य आहे. पण झीज झाल्यावर काय करायचं यावर जेवढे पेपर मला सापडले, त्याच्या तुलनेत झीज होऊच नये यावर फारच थोडे. मुळं वाचवण्यात विकण्यासारखं काही नसतं, हे त्याचं एक कारण असावं, असं मला वाटतं. हे माझं मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही.

आजीचं काय झालं

शेवटी आम्ही आजीला तिसऱ्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी जुनी कवळी हातात घेतली. पंधरा वर्षांपूर्वीची. पंधरा वर्षांत हाड खाली गेलं होतं आणि कवळी होती तशीच. मग त्रिमितीय स्कॅन काढला. पुढच्या भागात दोन इम्प्लांटपुरतं हाड होतं. म्हणजे "हाडच नाही" हेही अर्धसत्यच होतं. त्यांनी दोन्ही पर्याय समजावून सांगितले.

मी सगळं वाचून आले होते. मला वाटत होतं की दोन इम्प्लांट घ्यावेत. पुरावा, सगळ्या उणिवा धरूनही, त्या बाजूला झुकलेला आहे. आजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "या वयात हाडाला भोकं कशाला पाडायची? मला हीच नीट करून द्या म्हणावं."

वॉल्टन आणि मॅकएंटी यांचे ते ३६ टक्के माझ्यासमोर खुर्चीत बसले होते.

नवीन कवळी झाली. नस वर आली होती तिथे आतून जागा मोकळी सोडली. दोन-तीनदा घासून घ्यावी लागली. आता ती डबीत नसते. आजी मऊ भाकरी आमटीत न कुस्करता खाते, शेंगाचटणी खाते. कडक भाकरी अजून जमत नाही आणि जमणारही नाही. दोन इम्प्लांट घेतले असते तर जमली असती का? कदाचित. हे यश धरायचं की नाही? १९८६ च्या निकषांत तिला जागाच नाही, कारण तिच्या तोंडात स्क्रू नाही.

तुम्ही साहित्य-आढावा लिहाल तेव्हा

प्रत्येक टक्क्यापुढे थांबा आणि चार गोष्टी शोधा. भागाकारात खाली काय आहे : माणसं, जबडे की स्क्रू? सुरुवातीला किती होते आणि शेवटच्या मोजणीला किती हजर होते? मोजलं कधी, दोन महिन्यांनी की दहा वर्षांनी? आणि कोणाला आत घेतलंच नाही? चौथ्याचं उत्तर निकालांच्या तक्त्यात मिळत नाही, मेथड्समधल्या वगळण्याच्या निकषांत मिळतं. तो परिच्छेद आपण सगळेच गाळतो.

हे करायला वेळ लागतो. एका पेपरला मला पूर्ण दुपार लागली. गाइड म्हणतील, प्रस्तावनेत एवढं कशाला. तरी किमान ज्या पेपरवर तुमचं पहिलं वाक्य उभं आहे, तेवढा एक तरी असा वाचा.

माझं पहिलं वाक्य मी बदललं. आता ते असं आहे : "पुरेसं हाड असलेल्या आणि शस्त्रक्रियेस तयार असलेल्या निवडक रुग्णांमध्ये दंत-इम्प्लांट टिकण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे; गंभीर हाडझीज असलेल्या रुग्णांबाबतचा पुरावा मात्र मर्यादित आहे." वाक्य लांब झालं, दिसायलाही पहिल्यासारखं रुबाबदार राहिलं नाही. पुढच्या बैठकीत त्या मॅडमनी ते वाचलं, मान हलवली आणि विचारलं, "मग तुमचा थर या दुसऱ्या गटासाठी काही करणार आहे का?"

याचंही उत्तर मला अजून आलेलं नाही. पण या वेळी प्रश्न माझ्या कामाचा आहे. सध्या त्यावरच काम चालू आहे.